होटगी रोडची नर्सरी : चपट्या शेंड्याची रोपं इथं फेकून देत नाहीत

सोलापुरात होटगी रोडला पत्र्याच्या शेडमधे एक छोटी नर्सरी आहे, तीन वर्षं झाली मी टेरेससाठी रोपं तिथनंच आणते. अकरावी-बारावीला बायो शिकवते, त्यामुळं माझी नजर पहिल्यांदा शेंड्यावर जाते.

यावेळी कोंबड्याच्या फुलाची रोपं घ्यायला गेले तर काकांनी कोपऱ्यातनं टोमॅटोचं एक रोप काढून दाखवलं, खोड पट्टीसारखं चपटं आणि शेंडा गोल नाही तर आडवा पसरलेला. म्हणाले, "मॅडम, ह्याचा शेंडाच येडा झालाय, पान कुठं फोडायचं कळंना त्याला." दुसरीकडं असली रोपं सरळ उकिरड्यावर जातात, काकांनी मात्र पाणी घालून जगवलंवतं. घेतलंच मी!

कारण हे शिकवायला याच्यापेक्षा भारी काही नाही. शेंड्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्यापेक्षाही बारीक घुमट असतो, त्यात स्टेम सेल्स, म्हणजे सतत नव्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी, जमिनीवरचं सगळं झाड त्यांच्यातनं येतं. खालच्या पेशी वुशेल नावाचं प्रोटीन वर पाठवतात, त्यानं स्टेम सेल्स टिकून राहतात. स्टेम सेल्स उलट क्लाव्हाटा-3 नावाचा पेप्टाइड (प्रोटीनचा छोटा तुकडा) सोडतात, जेमतेम 13 अमिनो आम्लांचा, तो खाली जाऊन वुशेलला आवरतो. ह्या येरझारा 2000 साली अरबिडॉप्सिस या छोट्या रोपात उलगडल्या. पेप्टाइड बिघडला की लगाम सुटतो, घुमट फुगतो, खोड चपटं होतं आणि फुलात पाकळ्या आणि फळात बियांचे कप्पे वाढतात. मोठ्या टोमॅटोचं गुपित पण हेच, जंगली टोमॅटोला दोनच कप्पे, आणि बीफस्टेक या मोठ्या जातीच्या टोमॅटोमधे आठच्या वर, कारण त्याच्यात क्लाव्हाटा-3 चा जीनच ढिला पडलाय.

मागच्या वर्षी इथल्याच रोपाचा एक टोमॅटो वर्गात ब्लेडनं आडवा कापला, नऊ कप्पे निघाले, पोरं अक्षरशः टेबलावर वाकून मोजत होती.

तक्रार एकच, मिरचीच्या ट्रेमधे माती फार चिकट होती, पाणी निथरलं नाही आणि चार रोपं मुळाशी कुजली. सांगितल्यावर काकांनी बदलून दिली. आणि पार्किंग नाही, रिक्षानंच जा.

पाचपैकी साडेचार. सकाळी नऊच्या आत जा, नंतर ऊन चढलं की पानं मलूल पडतात आणि रोप पारखता येत नाही, आणि चपट्या शेंड्याचं रोप हवं असलं तर काकांना आधीच सांगून ठेवा, ते बाजूला काढतात.