चार इंची ग्राइंडर, आठ महिने वापरून : मशीन दमदार, स्विच धोक्याचा

एप्रिलमध्ये माल उतरला आणि पाठोपाठ वळवाच्या वाऱ्यानं द्राक्षाच्या मांडवाच्या सहा ओळी झोपवल्या. लोखंड कापायला फॅब्रिकेटर बोलवायचा तर कापागणिक पैसे, म्हणून सांगलीतून फिरत्या चकतीचा चार इंची ग्राइंडर आणला. वॅट, वजन सगळ्यांना माहीत असतं, ते लिहीत नाही. बाग तासगावच्या बाजूला, दोन एकर. आठ महिन्यांत अडीचशेच्या वर अँगल कापले, गोठ्याचं फाटक केलं. कापायला मशीन एक नंबर. तक्रार एकट्या स्विचची आहे.

दुकानात दोन प्रकार होते. एक सरकवायच्या स्विचचा, पुढं ढकलला की तिथंच अडकतो. दुसरा दाबून धरायच्या पट्टीचा, हात सुटला की बंद. दुसरा साडेसहाशेनं महाग. मी पहिला घेतला. पैसे वाचले, बोटं दुखत नाहीत, असं मी चार जणांना सांगितलं आणि माझ्या शब्दावर दोघांनी तोच घेतला. ते मला आता खुपतंय.

सप्टेंबरात गोठ्यात कापत असताना लाईट गेली. चकती थांबली, मशीन पोत्यावर ठेवलं आणि घरात गेलो. स्विच पुढंच राहिला. बंद पडलेल्या मशीनचा स्विच चालू आहे की बंद, हे आवाजावरून कळत नाही, आणि आपली सवय आवाजाची असते. अर्ध्या तासानं लाईट आली. मशीन आपोआप सुरू झालं, पोतं चकतीत गुंडाळलं आणि कोब्यावर उड्या मारत वासराच्या खुंट्याकडं निघालं. मंडळी तिथंच वैरण टाकत होती. "अहो, बटण बंद करा!" ही हाक अजून कानात आहे. मी बोर्डापर्यंत पोचेस्तोवर चकतीवरच्या लोखंडी झाकणाला, म्हणजे गार्डला, पोचा पडला होता. गार्ड नसता तर तो घाव कुठं बसला असता, हे मला लिहवत नाही. या मशीनचे मिनिटाला ११,००० फेरे आहेत. चार इंची चकतीची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर पळते. गार्ड काढून पाच इंची चकती बसवायचा सल्ला ज्यांना मिळालाय, त्यांनी तो ऐकू नये.

सर्व्हिस सेंटरला नेलं. म्हणाले, "मशीन आपटलंय, वॉरंटीत बसत नाही." आपटलं नाही, आपोआप सुरू झालं, हे तासभर सांगितलं. त्यांचं उत्तर, स्विच असाच असतो. सातशे ऐंशी रुपये घेतले. म्हणजे वाचवलेले साडेसहाशे तिथंच गेले.

एका बाबतीत मात्र माझं मत बदललं. पिनीला दोनच पाय, अर्थिंगच नाही, म्हणून मी कंपनीला नावं ठेवत होतो. वायरमननं पाटीवरची खूण दाखवली, चौकोनात चौकोन. त्याचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन, अशा मशीनला अर्थिंगची पिन लागतच नाही. पण ओल्या कोब्यावर किंवा वायर सोललेली असेल तर हे इन्सुलेशन वाचवत नाही, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवून घेतला.

मला वाटलं, स्विचचाही प्रश्न सुटला. वायरमन म्हणाला, "नाही दादा, आरसीसीबी गळती बघतो, एमसीबी जादा करंट बघतो. लाईट परत आली हे दोघांनाही कळत नाही." मग त्यानं विहिरीवरच्या स्टार्टरचं उदाहरण दिलं. त्यात नो-व्होल्ट कॉइल असते, लाईट गेली की ती स्टार्टर सोडून देते. परत बटण दाबायला रात्री रानात जायला नको म्हणून आपण सगळ्यांनी वर ऑटो स्विच लावलाय. पंपाला ते सोयीचं, पण ग्राइंडर नेमका तसाच वागतो आणि तो माणसाच्या हाताशी असतो.

त्यानं गोठ्याच्या बोर्डात छोटा कॉन्टॅक्टर, म्हणजे स्टार्टरसारखाच लाईट गेली की सुटणारा स्विच, आणि हिरवं-लाल बटण बसवलं. सामान, मजुरी धरून अकराशे. आता लाईट गेली की तो सॉकेट मरतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय जिवंत होत नाही. पिन घालताना स्विच मागं आहे ना, हे अंगठ्यानं चाचपतो, ते वेगळंच. चकती बदलताना पिन काढून खिशात ठेवतो, म्हणजे दुसरं कुणी लावणार नाही.

नवीन घेणाऱ्यांनी पट्टीचा स्विच मागा. त्यातही अडकवायची कळ आहे का, बघून घ्या. असली तर पैसे वाया. लाईट परत आल्यावर सुरू न होणारी मशीनंही मिळतात, दुकानदाराला तसंच विचारा.

माझ्या सांगण्यावरून घेतलेल्या दोघांकडं जाऊन आलो. एकानं बोर्ड करून घेतला. दुसरा म्हणाला, "माझ्या लक्षात राहतं." त्याच्या घरात दोन लहान पोरं आहेत. रविवारी वायरमनला बरोबर घेऊनच जाणार आहे.