गुळाचे रवे की काकवीच्या बाटल्या?

घरचं गुऱ्हाळ असलेल्या चारपाच जणांनी या हंगामाआधी मला एकच विचारलं: गूळच करत राहावं की काकवीकडे, म्हणजे बाटलीत भरायच्या पातळ गुळाकडे, वळावं? मी तीन हंगाम निव्वळ गूळ केला आणि त्यानंतरचे चार दोन्ही. ऊस कधी तोडायचा, रस उकळताना वर येणारी मळी कशी काढायची हे तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

गुळाची मोठी जमेची बाजू म्हणजे पैसा लवकर मोकळा होतो. आधण (एका वेळी काहिलीत आटवलेला रस) उतरलं, रवे म्हणजे गुळाच्या ढेपा निघाल्या, गाडी मार्केट यार्डात गेली की थोड्याच दिवसांत पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, हातात येते. मार्चअखेर सोसायटीचं कर्ज भरायचं असेल तर ही फार मोठी गोष्ट आहे. काकवीचा पैसा बाटली-बाटलीनं येतो. जानेवारीत भरलेली बाटली कधीकधी जूनमध्ये विकली जाते, आणि तोवर बाटल्या, झाकणं, लेबलं, खोकी या सगळ्यांत तुमचेच पैसे अडकलेले असतात. हातावर पोट असेल तर मी काकवीचा आग्रह धरणार नाही.

चुलाणावर मात्र काकवी सोपी. गुळाचा पाक 118 ते 120 अंशांपर्यंत न्यावा लागतो, आणि शेवटच्या त्या दोन मिनिटांत सगळं गुळव्याच्या, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराच्या, हातात असतं. पाण्यात टाकलेली गोळी बोटांनी दाबून तो 'ओढा' म्हणेपर्यंत आपण काहिलीकडे बघत उभे. जरा उशीर झाला की गूळ करपला, जरा घाई झाली की रवा मऊ राहिला. काकवी 105-106 अंशांवर उतरते. साध्या थर्मामीटरवर भागतं, आणि जळणाचं चिपाडही थोडं वाचतं. पाणी जास्त राहत असल्यामुळे वजनही जास्त भरतं. माझ्याकडे जेवढ्या उसात शंभर किलो गूळ निघायचा, तेवढ्यात दीडशेच्या आसपास काकवी निघते. तुमच्या उसाच्या जातीप्रमाणे आणि चरकाप्रमाणे यात फरक पडेल.

काकवीची डोकेदुखी पुढे सुरू होते. ती टाकीत आठ-दहा दिवस निवळू द्यावी लागते. घाईनं भरली तर तळाला गाळ बसतो. पहिल्या वर्षी माझ्या बऱ्याच बाटल्यांत साखरेचे खडे धरले. गिऱ्हाईक म्हणालं, यात साखर मिसळलीय. त्यांना समजावताना माझ्या तोंडाला फेस आला. आता दहा किलोला चार ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालतो आणि तसं लेबलवर लिहितो. त्यानंतर ही तक्रार जवळजवळ थांबली. पाक कच्चा उतरवला तर मात्र काकवी आंबते आणि झाकण फुगतं. त्याला थर्मामीटरवर नजर ठेवण्यावाचून इलाज नाही.

हे सगळं धरूनही मी काकवीकडे का झुकलो, तर रंगामुळे.

आम्ही गुळात रसायन घालत नाही. रानभेंडीच्या रसानं मळी काढतो आणि चुना बेतानं वापरतो. असा गूळ तांबूस-तपकिरीच होतो. तिसऱ्या हंगामात यार्डात मी रव्यांशेजारी उभा होतो. एका खरेदीदारानं रव्याचा कोपरा फोडला, खडा उजेडात धरला, जिभेला लावलाही नाही आणि म्हणाला, "काळा आहे." पलीकडच्या थप्पीतले पिवळेधमक रवे जास्त भावाला गेले. पिवळेपणा आणायला हायड्रॉस पावडर हे रंग उजळवणारं रसायन लागतं, आणि तो रंग टिकतही नाही, साठवणुकीत गूळ पुन्हा काळवंडतो, हे यार्डात सगळ्यांना माहीत आहे. तरी भाव रंगालाच. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण सौद्यात माझा रवा काळाच ठरला. वर्षभर रान सांभाळायचं आणि माल कुणी चाखूनही बघायचा नाही, हे मला सहन झालं नाही.

पुढे कॅनडातल्या आतेभावानं मेपल सिरपची बाटली आणली. झाडाच्या रसापासून आटवलेली ती त्यांच्याकडची काकवीच. चाळीसएक लिटर रसाचं एक लिटर सिरप होतं. त्यांच्याकडेही फिकट रंगाला वरचा दर्जा होता. 2014-15 च्या सुमारास अमेरिका आणि कॅनडा दोघांनी प्रतवारी बदलली. आता सोनेरीपासून अगदी गडदपर्यंत सगळं 'ए' दर्जाचंच, आणि रंगाशेजारी चव लिहितात. त्या बाटलीवर 'गडद, दमदार चव' असं छापलं होतं. ते वाचून मी माझं लेबल बदललं आणि रंगाबद्दल गप्प बसण्याऐवजी चव सांगायला लागलो.

काकवी घेणारा माणूस रंग विचारत नाही, तो भाकरीला लावून बघतो. पुण्यातल्या आठवडी बाजारात मी भाकरीचे तुकडे ठेवतो. म्हातारी माणसं चव घेतली की दोन बाटल्या घेतात, तरुणांना आंबोळी-घावनाबरोबर कशी खायची ते सांगावं लागतं. हे काम वेळखाऊ आहे, आणि घरात बोलकं माणूस नसेल तर अवघड जाईल. पण पुढच्या महिन्यात तोच माणूस फोन करतो, तेव्हा भाव मी सांगतो.

तुमचा गूळ रसायनाशिवायही पिवळा उतरत असेल, म्हणजे जमीन तशी असेल आणि को 92005 सारखी गुळाला चांगली उसाची जात असेल, तर यार्ड सोडायची घाई करू नका. नाहीतर या हंगामात आठवड्याला एक आधण काकवीचं काढा, बाकी गूळ. बाटल्या काचेच्या घ्या आणि कुरिअरच्या खोक्यात चिपाडाचा भुसा नको, कागद भरा. भुशानं ओल धरली की लेबल सुटतं.