सावकाराचे वीस हजार आधी की दुकानदाराचे चार?

सोलापूरच्या विडी घरकुलात बचत गटाची वही लिहिता लिहिता मला एक प्रश्न इतक्या वेळा ऐकावा लागला आहे, की विचारणारी दारात उभी राहिली तरी मला कळतं. "अक्का, चार ठिकाणी देणं झालंय. हातात थोडे पैसे राहतात. आधी कुणाचं मिटवू?"

मोबाइलवर सल्ला देणारे दोनच गोष्टी सांगतात. एक म्हणतो, सगळ्यात छोटं कर्ज आधी संपवा, हुरूप येतो. दुसरा म्हणतो, सगळ्यात महाग कर्ज आधी संपवा, व्याज वाचतं. दोघेही महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणाऱ्या माणसासाठी बोलत असतात. आपल्याकडे आठवड्याचा पगार. सूत आलं नाही तर माग बंद, पानं कमी मिळाली तर विड्या कमी. म्हणून हा हिशोब आपल्याच घरावर मांडून बघू.

घर कल्पनेतलं आहे, पण यातलं प्रत्येक देणं माझ्या वहीत कुठे ना कुठे सापडेल. नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर, बायको विड्या वळते. दोघांचे मिळून महिन्याला 16,000. सावकाराचे 20,000, शेकडा 5 ने. म्हणजे महिन्याला 1,000 नुसतं व्याज, मुद्दल तशीच. मायक्रोफायनान्सचं, म्हणजे विनातारण छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीचं, 40,000 चं कर्ज, 24 टक्क्यांनी 24 महिन्यांचं, हप्ता 2,115 आणि अजून 8 हप्ते बाकी. बचत गटाचे 10,000, शेकडा 2 ने, म्हणजे महिन्याला 500 मुद्दल आणि वर व्याज, सध्या 700. किराणा दुकानात 4,000 ची उधारी, बिनव्याजी, फक्त दुकानदाराच्या नजरेचं व्याज. हे सगळं भरून आणि घर चालवून ओढूनताणून 1,500 उरतात. प्रश्न या दीड हजाराचा आहे.

छोटं आधी म्हटलं, तर तीन महिन्यांत दुकान मिटतं. मग दीड हजार गटाकडे वळवायचे, सातव्या महिन्यात गट मिटतो. आठव्यात मायक्रोफायनान्स आपोआप संपतं. त्यानंतर सुटलेले सगळे हप्ते एकत्र करून सावकाराचे 20,000 जमवायला तेरावा महिना उजाडतो. तोवर त्याला 13,000 व्याज गेलेलं असतं. हुरूप मात्र खरंच येतो, तो मी नाकारणार नाही. दुकानासमोरून मान वर करून जाणं ही छोटी गोष्ट नाही. आणि मिटलेल्या उधारीचा एक फायदा कुठल्याच तक्त्यात दिसत नाही: पुढच्या वेळी पगार चुकला तर तोच दुकानदार पुन्हा महिनाभर तांदूळ-डाळ देतो. तो आपला बिनव्याजी सावकारच.

महाग आधी म्हटलं, तर पहिल्या महिन्यापासून दीड हजार सावकारासाठी बाजूला. आठव्या महिन्यानंतर मायक्रोफायनान्सचा हप्ता सुटतो, तोही त्यात टाकायचा. अकराव्या महिन्यात 20,000 पुरे होतात. व्याज 11,000.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. 13,000 आणि 11,000. ज्यावरून एवढा वाद घातला जातो, तो सगळा आपल्या घरासाठी दोन हजारांचा निघाला. गटाचं व्याज लवकर थांबतं ते धरलं तर फरक आणखी कमी, शिवाय गटाचं व्याज गटातच राहतं, म्हणजे थोडं आपल्याकडेच परत येतं.

फरक इतका कमी का, तर सावकार मुद्दल तुकड्यांनी घेतच नाही. "द्यायचे तर वीसच्या वीस द्या, नाहीतर व्याज देत राहा, मी कुठे मागतोय?" त्याला मुद्दल नकोच असते. तुम्ही दीड-दीड हजार घरात साठवत राहता आणि व्याज पूर्ण वीस हजारांवर चालूच. म्हणून कुठलाही बेत ठरवण्याआधी त्याला एक प्रश्न विचारून घ्या: मुद्दल टप्प्याने घेणार का? हो म्हणाला, तर महाग-आधी हा मार्ग एकदम बदलतो. दर महिन्याला 2,500 दिले, आधी व्याज कापून उरलेले मुद्दलीत, तर दहाव्या महिन्यात तो मोकळा होतो आणि व्याज 6,000 च्या आसपास जातं. एका "हो" चे पाच हजार.

आणि घरात साठवण्याबद्दल माझा स्वतःचा अनुभव ऐका. मी एकदा ज्वारीच्या डब्यात 11,000 पर्यंत पोचले होते. सासूबाईंना दवाखान्यात ठेवावं लागलं आणि चार दिवसांत डबा रिकामा. चूक झाली असं म्हणत नाही, तेव्हा ते पैसे होते म्हणून निभावलं. पण सावकार तिथेच राहिला, आणि पुढचे कित्येक महिने मला डब्याकडे बघवत नव्हतं. कमी कमाईच्या घरात मोठी रक्कम साठणं हेच सगळ्यात अवघड काम आहे, आणि सावकार नेमकं तेच करायला लावतो.

म्हणून मला विचाराल तर "आधी कुणाचं" हा प्रश्नच दुय्यम आहे. खरा प्रश्न हा, की ते वीस हजार शेकडा पाचवरून खाली कसे आणायचे. देणं तेवढंच ठेवायचं, फक्त जागा बदलायची.

त्याचा पहिला रस्ता सोनं. घरात गंठण, बोरमाळ, कानातलं काहीतरी असतं. आजच्या भावाने अर्ध्या तोळ्याच्या दागिन्यावरही 20,000 मिळून जातात. वर्षाला 12 टक्के धरले तर महिन्याचं व्याज 200. सावकाराला त्याच दिवशी एकरकमी देऊन मोकळं व्हायचं, आणि पूर्वी त्याला जाणारे हजार अधिक आपले दीड हजार असे 2,500 दर महिन्याला सोन्याच्या कर्जात भरायचे. नवव्या महिन्यात दागिना घरी. एकूण व्याज साधारण साडेनऊशे, वर तारण तपासणीचे काही शे रुपये. तेरा हजार, अकरा हजार आणि साडेनऊशे. हा हिशोब मी तीन वेळा करून पाहिला, कारण मलाही खरा वाटेना.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, सोन्याच्या कर्जाला दर महिन्याचा हप्ता बहुतेक नसतोच. वर्षअखेर एकदम भरा म्हणतात. कुणी दारात येत नाही, म्हणून भरणं राहून जातं आणि शेवटी नोटीस येऊन लिलाव होतो. तेव्हा घेतानाच विचारा, मध्ये मध्ये मुद्दल भरता येते का, आणि व्याज वेळेत न भरल्यास दर वाढतो का. काही ठिकाणी पाटीवरचा दर वेळेत भरणाऱ्यासाठीच असतो. दुसरं, कुठे ठेवता. बँकेत दर कमी. सराफाकडे ठेवणार असाल तर त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का पाहा आणि पावती घ्या. परवानाधारकाला बिगरशेती तारणी कर्जावर वर्षाला 15 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तिसरं, सोनं कुणाचं. बायकोचं डोरलं नवऱ्याने परस्पर नेलं, तर कर्ज फिटेल पण घरात दुसरंच काहीतरी थकेल. तिने स्वतः ठरवावं, पावतीही तिच्याच नावाची असावी.

सोनं नसेल तर भिशी. दहा जणांची 2,000 ची भिशी, पहिला नंबर मागून घ्यायचा, 20,000 थेट सावकाराला. पुढे महिन्याला 2,000 भरायचे, आपल्याकडे 2,500 सुटलेले आहेतच. वरच्या 500 मध्ये आठ महिन्यांत दुकानही मिटतं. व्याज शून्य. कागदावर हे सोन्यापेक्षाही सरस. पण पहिला नंबर प्रत्येकालाच हवा असतो. बोली लावून उचलायची भिशी असेल तर पहिल्या नंबरसाठी दोन-तीन हजार सोडावे लागतात, तरीही सावकारापेक्षा स्वस्त. आणि भिशी चालते ती फक्त माणसांवर. कारखान्यातल्या, गल्लीतल्या, वर्षानुवर्षं ओळखीच्या बायकांची असेल तरच. पहिला नंबर उचलून पुढचे हप्ते चुकवलेत तर नऊ घरांशी वैर येतं, सावकाराचं एकट्याचं परवडलं.

मायक्रोफायनान्सवाले स्वतःहून तिसरा रस्ता पुढे करतात. "ताई, तुमचं रेकॉर्ड चांगलंय, नवीन 60,000 घ्या, जुनं त्यातच मिटवू." जुने मिटवायला साधारण 15,500 लागतात, उरलेल्या चव्वेचाळीस हजारांतून विमा आणि फी कापून सावकार, गट, दुकान सगळे मिटतात आणि आठ-दहा हजार हातात राहतात. हप्ता 3,170 च्या आसपास. ऐकायला छान. पण जे देणं नऊ-दहा महिन्यांत संपलं असतं, ते आता पूर्ण 24 महिने चालणार, आणि ते हातातले आठ-दहा हजार जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत कुठे गेले हे फेब्रुवारीत आठवतही नाही. शिवाय गटाचं शेकडा 2 चं मिटवून कंपनीचं त्याच दराचं घेतलं, फायदा काय? व्याज गटात राहायचं ते बाहेर गेलं. सोनं नाही, भिशी नाही, तरच हा रस्ता, आणि तोही फक्त सावकारापुरती रक्कम मागून.

याच कंपन्यांबद्दल दोन गोष्टी माहीत असू द्या. 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. आपल्या घरासाठी 8,000. पण सावकाराचं व्याज त्यांच्या संगणकात दिसत नाही, तुम्ही सांगितलंत तरच कळतं. आणि मुदतीआधी कर्ज मिटवलं तर दंड घेता येत नाही, सकाळी 9 च्या आधी नि संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. एवढं बोललात तरी समोरच्याचा आवाज खाली येतो, हे मी पाहिलं आहे.

आपल्या मायक्रोफायनान्सच्या चालू कर्जाचं काय, ते आधी मिटवावं का, असंही विचारतात. आठ हप्ते उरलेले असताना नको. भरायचे 16,920, आज मिटवले तर 15,500. वाचतात फक्त चौदाशे. सुरुवातीचे हप्ते असते तर गोष्ट वेगळी होती.

एकत्र बघायचं तर असं दिसतं:

| मार्ग | सावकार कधी सुटतो | व्याज किती | कुठे मोडतो |
|---|---|---|---|
| छोटं आधी | 13 वा महिना | 13,000 | सावकार शेवटपर्यंत मानेवर |
| महाग आधी, एकरकमी | 11 वा महिना | 11,000 | साठवलेले पैसे दवाखान्यात जातात |
| महाग आधी, टप्प्याने | 10 वा महिना | 6,000 | तो तयार असेल तरच |
| सोनं ठेवून | लगेच | 950 | नंतर भरायचं राहून जातं |
| भिशी | पहिल्या नंबरला | शून्य किंवा बोलीइतकं | माणसं |

बिल्कूल सोनं नाही, भिशीत कुणी घेत नाही, सावकार टप्प्याने घेत नाही, असंही घर असतं. तिथे मी छोटं आधी सांगते, महाग आधी नाही. दोन हजार जास्त जातील, पण पहिले सात महिने पैसा डब्यात पडून राहणार नाही, दर तीन-चार महिन्यांनी एक देणं कायमचं संपेल आणि मध्येच आजारपण आलं तर झालेलं काम पुसलं जाणार नाही. साठवायचंच असेल तर बँकेच्या खात्यात. पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोज थोडं थोडं भरायची बचत, सोयीची, एजंट दारात येतो, पण पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं 5 लाखांचं विमा संरक्षण नाही.

कायद्याचं काय? 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवाना असलेल्या सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्के, म्हणजे शेकडा दीड. आपला माणूस शेकडा पाच घेतो, परवानाही नाही. हा गुन्हा आहे आणि तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे होते. गल्लीतल्या बायका ती करत नाहीत, कारण पुढच्या आजारपणात रात्री अकराला पैसे देणारा तोच असतो. मी त्यांना भित्र्या म्हणत नाही. पण तो धमकावत असेल, दारात येऊन घाण बोलत असेल, घराचे कागद घेऊन बसला असेल, तर वरचा सगळा तक्ता बाजूला ठेवा आणि आधी तक्रार करा.

ज्या दिवशी वीस हजार द्याल त्या दिवशी एकट्या जाऊ नका, आणि नोटा मोजून देण्याआधी कर्ज घेताना त्याला दिलेले आपले कोरे चेक आणि सही केलेला स्टॅम्प पेपर मोजून परत मागा. आमच्या गटातल्या एकीने तीन कोरे चेक दिले होते, दोन परत आले. "तिसरा सापडत नाय, फाडून टाकतो की" असं तो म्हणाला. आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. वहीच्या पानावर चेकचा नंबर, तारीख आणि "पूर्ण रक्कम मिळाली, काही बाकी नाही" असं लिहून त्याची सही घेतली, आणि तिथून थेट बँकेत जाऊन त्या चेकचं पेमेंट थांबवायचा अर्ज दिला. चेक पुढच्या आठवड्यात सापडला.