सत्तरीनंतर वय वंदना कार्ड की नवी मेडिक्लेम?

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना, उत्पन्न न विचारता, सरकारच्या आयुष्मान योजनेतल्या वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांचं रुग्णालयातल्या उपचारांचं कवच मिळतं. तेव्हापासून इंदूरच्या रामबागेत काय नि सुदामा नगरात काय, एकच विचारणा असते: आई-बाबांसाठी नवी पॉलिसी काढावी का?

पॉलिसीत खोली आणि रुग्णालय निवडायला वाव जास्त, हे खरं. हप्त्यावरचा जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून गेला. पण आधीच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि मला सर्वांत सलते ती बिलाची कापाकापी. रूम रेंटची मर्यादा दिवसाला ५,००० आणि खोली घेतली ८,००० ची, तर सर्जन आणि ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) पैसेही त्याच प्रमाणात कापले जातात. पाच दिवसांची खोली ४०,०००, सर्जन-ओटी १,२०,०००, इम्प्लांट-औषधं ८०,०००. मंजूर होतात २५,००० + ७५,००० + ८०,०००. त्यातून २० टक्के को-पे, म्हणजे आपण भरायचा वाटा, वजा. २,४०,००० च्या बिलात ९६,००० घरचे! हप्ता भरूनही हे व्हावं, याचा राग येतो.

कार्डात हप्ता नाही, प्रतीक्षा नाही. मात्र जनरल वॉर्ड, आणि नवरा-बायको दोघं सत्तरीपुढचे असले तरी ५ लाख दोघांत मिळून. ‘आयुष्मान चालतं का?’ एवढंच विचारून भागत नाही. रुग्णालय हृदयरोगासाठी योजनेच्या पॅनेलवर असेल, पण हाडांसाठी नसेल. म्हणून ऑपरेशनचं नाव सांगून विचारा. कार्ड आधीच काढून ठेवा. म्हातारपणी बोटांचे ठसे झिजतात, मशीन ते घेत नाही. ओटीपी किंवा चेहऱ्याने केवायसी करा. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाइल जोडलेला हवा.

जुनी पॉलिसी असेल तर सोडू नका, दोन्ही चालतात. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएसवाल्यांना (माजी सैनिकांची) मात्र एकच निवडावं लागतं. नव्याने काढायची असेल, तर माझ्या मते कार्डच बरं, आणि हप्त्याची रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी. कारण बीपी-शुगरच्या गोळ्या, फिजिओथेरपी, रात्रीची आया हा रोजचा खर्च कार्ड देत नाही, बहुतेक पॉलिसीही देत नाहीत. सुधारणा व्हायला हवी ती इथे. तोवर जनऔषधी केंद्र गाठा आणि पैसे रोख देऊ नका: ज्येष्ठांचा विमा काढलेला नसेल, तर आयकराच्या जुन्या करपद्धतीत ५०,००० पर्यंतचा औषधोपचार वजावटीला चालतो.