अडवावं की गोंधळ घालावा?

कुकरची रिंग एकदा शोधली की पुढे महिनाभर कुकर मागे लागतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. या जाहिराती आणि त्यांच्यामागची पाळत चुकवायला ब्राउझरमध्ये कुठलं एक्स्टेन्शन, म्हणजे जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकावं एवढाच प्रश्न उरला असेल. मी तीन वापरली: युब्लॉक ओरिजिन, प्रायव्हसी बॅजर आणि ॲडनॉशिअम. खरी निवड पहिल्या आणि तिसऱ्यात आहे, त्यामुळे बॅजरचं आधी उरकून घेतो.

बॅजर अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचा. त्याचं भांडण जाहिरातीशी नाही, पाठलागाशी. जो तिऱ्हाईत तुम्हाला एका साइटवरून दुसरीवर ओळखतो त्याला तो अडवतो. पाळत न ठेवणारी साधी जाहिरात असेल तर दिसू देतो. पूर्वी तो तुमचं ब्राउझिंग बघून स्वतःच शिकायचा. तो काय शिकला यावरूनच तुम्हाला ओळखता येऊ शकतं, हे गुगलच्याच सुरक्षा पथकाने दाखवून दिलं, आणि 2020 पासून बॅजर टाकला की ते शिकणं आधीच बंद असतं. हवं तर सेटिंगमध्ये चालू करता येतं. राखणदाराची वहीच चोराच्या हाती लागायची, असा प्रकार. आईच्या लॅपटॉपवर मी बॅजरच टाकलाय, वर्षभरात एकदाही तक्रार आली नाही. माझ्यासाठी मात्र तो जरा जास्तच सोज्वळ आहे.

आता ॲडनॉशिअम. डॅनियल हाऊ, हेलन निसेनबॉम आणि मुशोन झेर-अविव यांचं हे काम. यातल्या पहिल्या दोघांनी 2006 मध्ये ट्रॅकमीनॉट काढलं होतं, ते तुमच्या नावाने सर्च इंजिनवर भलतेसलते शोध टाकत राहायचं. तीच खोड इथे पुढे नेली आहे. ॲडनॉशिअम जाहिराती लपवतं आणि पडद्यामागे त्यांच्यावर क्लिक करत सुटतं. बुलेटची जाहिरात, डायपरची, कॅनडाच्या व्हिसाची, गुडघेदुखीच्या तेलाची, सगळ्यांवर. ज्याला सगळंच आवडतं त्याच्याबद्दल कुणाला काय कळणार? 2017 च्या जानेवारीत गुगलने ते क्रोमच्या स्टोअरमधून काढून टाकलं. त्यानंतर क्रोमवर ते स्टोअरबाहेरून, डेव्हलपर मोडमधून हाताने चढवावं लागायचं. फायरफॉक्सवर सरळ मिळतं.

पहिले काही महिने मी त्याच्या प्रेमात होतो, हे कबूल करतो. त्यात एक तिजोरी आहे. क्लिक केलेली प्रत्येक जाहिरात तिथे चौकोनी फरशीसारखी जाऊन बसते, आणि सगळ्या मिळून कंपन्यांना केवढ्याला पडल्या याचा अंदाजी आकडाही दिसतो. झोपण्यापूर्वी एकदा तो आकडा बघायची सवय लागली होती. फार बरं वाटायचं.

मग दिवाळी आली. आमच्या वहिनी डोंबिवलीत घरगुती फराळ करतात. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच ऑनलाइन जाहिरात दिली, दिवसाला दोनशे रुपयांची मर्यादा घालून. दर क्लिकमागे त्यातले पैसे कापले जायचे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन: "भाऊजी, अकरा वाजायच्या आत दोनशे संपले, आणि चौकशी फक्त एकीची. तीही म्हणाली, नंतर कळवते. हे क्लिक करतं कोण?"

मी म्हटलं, असेल कुणीतरी.

त्या रात्री तिजोरी उघडली ती आकड्यासाठी नाही. खाली सरकवत गेलो. वहिनींची जाहिरात सापडली नाही, देवाची कृपा. पण एका कोपऱ्यात अनारशांचं ताट होतं, मोबाइलवर काढलेला थोडा हललेला फोटो, वर पिवळ्या अक्षरांत 'भाजणीची चकली किलोवर मिळेल'. त्याच्या शेजारी कुणाचं तरी दापोलीकडचं दोन खोल्यांचं होमस्टे. मोठ्या कंपन्यांच्या शंभर फरशांमध्ये अशा पाच-सहा. तेवढ्या पुरल्या.

यावर उत्तरं आहेत, आणि ती सगळी मी स्वतःला देऊन पाहिली. जाहिरात कंपन्या बनावट क्लिक गाळतात आणि त्यांचे पैसे घेत नाहीत, असं सांगतात. पण क्लिक गाळले जात असतील तर माझ्या गोंधळाला अर्थ काय? आणि निर्मात्यांनी स्वतः चाचणी घेतली तेव्हा असे क्लिक गाळणीतून पार झाल्याचं त्यांना आढळलं. म्हणजे ते चालत नसेल तर माझे कष्ट वाया, चालत असेल तर चकलीवालीचे पैसे वाया. किती वेळा क्लिक करायचं ते सेटिंगमध्ये कमी करता येतं. तेही करून पाहिलं. डोक्यातली भुणभुण कमी होईना. शिवाय, क्लिक म्हणजे जाहिरातवाल्याच्या दारावर टकटकच. ज्यांना आपण दिसू नये म्हणून सगळा खटाटोप, त्यांच्याकडेच दिवसातून पन्नासदा जायचं.

युब्लॉक ओरिजिन त्या दारापर्यंत जातच नाही. जाहिरात मागवायला ब्राउझर जी विनंती पाठवतो तीच अडवतो, मग तिकडे कळवायला काही उरत नाही. गंमत म्हणजे ॲडनॉशिअम याच्याच पायावर बांधलेलं आहे, म्हणून दोन्ही एकत्र चालवू नयेत. याचा कर्ता रेमंड हिल देणग्याही घेत नाही. या धंद्यात ही दुर्मीळ गोष्ट. मला आवडतं ते त्याचं विजेचं चिन्ह. वर्तमानपत्राच्या साइटवर बातमीच्या अंगावर येऊन बसलेली चौकट दिसली की वीज दाबायची, चौकटीवर टिचकी, चौकट गायब. पुन्हा पान उघडलं की ती परत येते. कायमची घालवायची तर शेजारचं ड्रॉपर वापरायचं. वीजबिल भरताना एकदा पेमेंटची खिडकी उघडेना, तेव्हा युब्लॉकच्या पॉपअपमधलं मोठं पॉवरचं बटण त्या साइटपुरतं बंद केलं आणि काम झालं. असं मला दोन वर्षांत तीनदा करावं लागलं असेल.

उणीव क्रोमची आहे. एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून तिथे पूर्ण युब्लॉक चालत नाही, लाइट आवृत्तीवर भागवावं लागतं. तीही वाईट नाही. ऑफिसच्या मशीनवर मी तीच वापरतो आणि फार फरक जाणवत नाही, पण आपल्या हाताने नियम लावायची मुभा तिथे आखडलेली आहे. घरी त्यासाठीच फायरफॉक्सवर गेलो, अँड्रॉइड फोनवरसुद्धा. फोनवरच्या ॲपमधल्या जाहिरातींना मात्र यातलं काहीच लागू नाही.

तुम्हाला निषेध नोंदवायचा असेल, समोरच्याच्या खिशाला चिमटा बसावा असं वाटत असेल, तर ॲडनॉशिअमसारखं दुसरं काही नाही, आणि ते वापरणाऱ्यांना मी चुकीचं म्हणणार नाही. पाळत ठेवणाऱ्याला खोट्या माहितीने गोंधळात टाकणं रास्तच आहे, हा निसेनबॉमबाईंचा युक्तिवाद वाचला की मलाही अजून पटतो. नुसती पाळत चुकवायची असेल तर मी युब्लॉक टाकेन, आणि मराठीतल्या ज्या दोन साइट मनापासून वाचतो तिथे तो बंद ठेवेन, तसा ठेवतोही.

ॲडनॉशिअम जुन्या लॅपटॉपवर अजून आहे, बंद करून ठेवलेलं. तिजोरी रिकामी करायचं बटण एका टिचकीवर आहे. अजून दाबलेलं नाही.