जुना हार्वेस्टर घ्यायचाय, मग वॉकरवाला की रोटरवाला?

आधीच सांगून टाकतो, मी वॉकरवाला माणूस, म्हणजे ज्यात काड उसळत्या पन्हाळ्यांवर झटकलं जातं त्या मशीनचा; रोटरवाल्यात तेच काम लांब फिरता रोटर करतो. सोळा सीझन एकच जुनं मशीन चालवतोय, आणि मेव्हण्याकडे रोटरवालं आहे त्यावरही दरवर्षी आठ-दहा रात्री बसतो कारण दिवसभर चालवल्यावर त्याला बसल्या जागी डुलकी लागते. त्यामुळे दोन्ही मशीनना घालायच्या शिव्या मला पाठ आहेत.

नवं मशीन घेताना लोक दिवसाला किती क्षेत्र निघतं ते बघतात, बरोबरच आहे. पण वीस-तीस वर्षं जुनं घेताना तो आकडा बाजूला ठेवा, नवं असताना जेवढं काढायचं तेवढं ते आता काढणार नाहीच. बघायचं हे की यात काय मोडतं, किती वेळा मोडतं, आणि भर सीझनला मोडलं तर तुम्ही स्वतः पाना घेऊन ते सोडवू शकता का. माझ्या मते खरा फरक इथेच आहे. वॉकरवालं सारखं थोडं थोडं मोडतं, रोटरवालं क्वचित मोडतं पण मोडलं की घरी बसवतं.

आतली रचना थोडक्यात. वॉकरवाल्यात मळणीचा ड्रम आडवा फिरतो, खाली जाळी, बहुतेक दाणा तिथेच सुटतो, उरलेलं काड मागच्या चार-सहा लांब पन्हाळ्यांवर जातं, तेच वॉकर. ते क्रँकवर, म्हणजे वाकवलेल्या फिरत्या दांड्यावर, उसळत राहतात, काड झटकलं जातं आणि अडकलेला दाणा आपल्या वजनानं खाली पडतो. रोटरवाल्यात एक किंवा दोन लांबलचक रोटर, बहुतेक मशीनमध्ये पुढून मागे बसवलेले, पीक त्याच्याभोवती गरगर फिरत मागे सरकतं आणि मळणी आणि दाणा वेगळा करणं दोन्ही तिथेच होतं, दाणा जाळीतून बाहेर फेकला जातो. न्यू हॉलंडनं दोन रोटरचं टीआर७० काढलं ते १९७५ ला आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरचं एका रोटरचं अ‍ॅक्सिअल-फ्लो आलं १९७७ ला, त्यामुळे विकणारा "रोटर आहे म्हणजे नव्या टेक्नॉलॉजीचं आहे" म्हणाला तर आधी मशीनचं वय विचारा.

आता वॉकरवाल्याकडे या. बऱ्याच जुन्या मशीनमध्ये वॉकरचे बेअरिंग लाकडी असतात, तेल मुरवलेल्या लाकडाचे दोन अर्धे ठोकळे, बोल्टनं क्रँकवर आवळलेले. ऐकून लोक नाक मुरडतात, मला मात्र आवडतात, कारण ते झिजले तरी क्रँकला फारसं खात नाहीत आणि बदलायला दोन पाने पुरतात. तपासायचं कसं, तर मशीन बंद, चावी तुमच्या खिशात, मागून आत वाकून एकेक वॉकर दोन्ही हातांनी धरायचा आणि वर-खाली हलवायचा. चांगला असेल तर घट्ट लागतो, झिजलेला असेल तर 'खट्' असं होतं, आणि ते कानाच्या आधी मनगटाला कळतं. पाच-सहा वॉकर, प्रत्येकाला पुढे एक मागे एक, सगळे तपासायला दहा मिनिटं लागतात आणि बहुतेक घेणारे तेवढीही घालवत नाहीत. मग टॉर्च मारून बेअरिंग बसतात तिथला पत्रा बघा, तडे तिथेच जातात. वेल्डिंगचं एखादं ठिगळ असेल तर काही नाही, ठिगळावर ठिगळ असेल तर क्रँक वाकलाय का ते शोधा.

रोटरवाल्यात हलणारे भाग खरंच कमी असतात, हे त्याचं सगळ्यात मोठं सुख. पण जे आहेत ते जड आहेत. तोंडाशी पीक आत खेचणारी पाती आणि त्यांच्याभोवतीचं कवच, याच्यावर माती-वाळू घासून घासून पत्रा पातळ होतो, बोटानं टकटक केलं तरी आवाजात फरक कळतो. रोटर फिरवणारा गिअरबॉक्स आणि मोठा पट्टा, ही दुसरी जागा. तेल बघा, त्यात धातूची चमकी दिसते का बघा. हे काम बिघडलं तर चेन ब्लॉक, दोन माणसं आणि बऱ्यापैकी वर्कशॉप लागतं, शेताच्या बांधावर बसून होणारं काम नाही.

आणि रोटर जाम होणं हा प्रकार एकदा अनुभवला की माणूस दवाला घाबरायला लागतो. मेव्हण्याच्या मशीनवर एका रात्री शेवटचे दोन फेरे राहिले म्हणून मी दव पडल्यावरही ओढत राहिलो, काड खाली हिरवट होतं, आधी मशीनच्या पोटातून घरघर यायला लागली, मी म्हटलं जाईल, मग इंजिन दबलं आणि पट्ट्याचा जळका वास. बाजूचे पत्रे काढले तर आत रोटरभोवती काडाला ओल्या दोरखंडासारखा पीळ बसलेला, हातानं ओढून हलेना, विळ्यानं कापत कापत मूठ-मूठ बाहेर काढलं, पहाटेचे तीन वाजले. चूक सरळ माझीच होती. वॉकरवाल्यात ड्रम जाम होतो, नाही असं नाही, पण जाळी खाली सोडून ड्रम उलटा फिरवला की बऱ्याचदा तासाभरात सुटतं. ओलसर काड नेहमीचंच असेल तर हा मुद्दा हलका घेऊ नका.

दाण्याच्या बाबतीत मात्र रोटर जिंकतो, मान्य करायलाच पाहिजे. ड्रमवरच्या खाचदार पट्ट्यांचा, म्हणजे रास्प बारचा, फटका एकदम बसतो, रोटरमध्ये पीक पिकावर घासून हळूहळू सुटतं, त्यामुळे सोयाबीन आणि मका कमी फुटतो. बियाण्यासाठी सोयाबीन काढत असाल तर रोटरवालंच बघा. वॉकरवाल्यात ते जमतं पण ड्रमचा वेग गव्हाच्या जवळपास निम्म्यावर आणावा लागतो आणि जाळी उघडावी लागते, आळस केला की टाकीत डाळ दिसते. काडाचं नेमकं उलटं. रोटर काडाचा चुरा करतो, वॉकरवरून ते लांब आणि अखंड पडतं. काडाचे गठ्ठे बांधून जनावरांना घालायचे किंवा विकायचे असतील तर विचार करायची गरजच नाही, वॉकर.

डिझेल आणि ताकद. तेच काड पुन्हा पुन्हा गोल फिरवायला जोर लागतोच, म्हणून इंजिन थकलेलं असेल तर रोटरवालं चढावर धापा टाकतं, वॉकरवालं त्याच इंजिनावर निभावून नेतं. वॉकरवाल्याचं रडगाणं वेगळं, पीक दाट असताना वेगानं घुसलं की वॉकरवर काडाची जाड गादी होते आणि दाणा खाली पोचायच्या आत मागून बाहेर, उतारावर तर अजूनच. रोटर भरून चालवला की खूश असतो, अर्धपोटी चालवला तर काड दळत बसतो आणि तो चुरा चाळणीवर येतो.

किती दाणा जातोय ते अंदाजानं ठरवू नका, ट्रायल घ्या आणि मोजा. गव्हाचे एका चौरस मीटरला साधारण २१५ दाणे म्हणजे हेक्टरी ६५-७० किलो. काड बारीक करणारा चॉपर बंद ठेवायचा, मशीन थांबवून थोडं मागे घ्यायचं, कापलेल्या पण काड न पडलेल्या जागेतले दाणे मोजायचे, मग काडाच्या पट्टीखालचे मोजायचे, पहिला आकडा वजा करायचा. कटर ६ मीटरचा आणि काडाची पट्टी दीड मीटरची असेल तर उरलेल्याला चारनं भागायचं, कारण सहा मीटरचा माल दीड मीटरमध्ये पडलाय. हे न भागता लोक उगाच मशीनला नावं ठेवतात.

आता दोन्हीला लागू अशा गोष्टी, भराभर. रास्प बारच्या कडा गोल झाल्यात का, जाळीच्या पट्ट्यांची धार गेलीय का. पीक कटरकडून आत नेणाऱ्या फीडरची चेन ढिली आहे का, पट्ट्या वाकल्यात का. ऑगरची, म्हणजे माल सरकवणाऱ्या स्क्रूची, पाती सुरीसारखी धारदार लागली तर खूश होऊ नका, ती झिजून पातळ झालीत. हायड्रोस्टॅट, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारी यंत्रणा, असेल तर अर्धा तास चालवून तेल तापल्यावर चढावर घाला, तेल थंड असताना सगळेच जोरात पळतात. उंदरांनी वायरिंग खाल्लंय का हे सीटखाली आणि इंजिनामागे बघा. आणि दाणा वर नेणाऱ्या एलेव्हेटरचा तळ, हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. आमच्याकडे तिथे रुपयाएवढं भोक पडलं होतं, आख्ख्या सीझनमध्ये कोणाच्या लक्षात आलं नाही, पुढे पाऊस झाला आणि रानात मशीन जिथून जिथून गेलं तिथे गव्हाच्या हिरव्या रेघा उगवल्या, अगदी दोरी लावल्यासारख्या. शेजारी विचारायचा, पेरणी केली काय रे.

तासांचा घोळ सगळीकडे आहे. मीटरवर इंजिनाचे तास असतात, त्यात रस्त्यावर पळालेले आणि उभं राहून फिरलेलेही आले, ड्रमचे किंवा रोटरचे तास त्यापेक्षा कमी असतात आणि झीज त्यांच्यावर ठरते, दोन मीटर असतील तर दुसरा बघा. तरी मला विचाराल तर कमी तासांचं पण उघड्यावर पडलेलं मशीन मी नाही घेणार, जास्त तासांचं शेडमधलं घेईन. उघड्यावरच्या टाकीच्या कोपऱ्यात आणि दाणा खाली करायच्या पाइपात ओला भुसा राहतो आणि पत्रा आतून सडतो, पट्टे भेगाळतात, टायर उन्हानं फाटतात, आणि टायरच्या सेटची चौकशी आधी करा, जुन्या मशीनच्या किमतीच्या मानानं तो आकडा ऐकून बरेच जण परत फिरतात.

मग घ्यायचं कुठलं. स्वतः पाना धरता, ग्रीस गन रोज सकाळी हातात घ्यायची तयारी आहे, काड हवंय, क्षेत्र बेताचं, तर वॉकरवालं, आणि त्यातही जे मॉडेल खूप विकलं गेलं तेच, कारण त्याची भंगारातली भावंडं मिळतात आणि सुटे भागही. सोयाबीन-मका जास्त, काडाची गरज नाही, आणि गिअरबॉक्स गेला तर तो खर्च त्याच वर्षी सोसता येईल एवढी रक्कम बाजूला ठेवता येते, तर रोटरवालं. ती रक्कम नसेल तर जुनं रोटरवालं विकतचं दुखणं आहे, मेव्हणा वाचत असला तरी लिहितोय. आणि वर्षातून चार-पाच दिवसच काम असेल तर दोन्ही नको, भाड्यानं काढून घ्या.

बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की मशीन सुरू करून ठेवू नका, थंड इंजिन तुमच्यासमोर चालू झालं पाहिजे. चालू असताना तेलाचं झाकण उघडून बघा, धूर फुसफुसत बाहेर येत असेल तर इंजिनाचं काम आलंय. पार्ट बुक आहे का विचारा. आणि मालकाकडे एक डबा असतो, जुने बेअरिंग, अर्धे वापरलेले पट्टे, कटरची दोन-चार पाती, कशाकशाचे बोल्ट, तो दाखवा म्हणा. त्यात एकाच मापाचे पाच बेअरिंग निघाले तर ते मशीनमध्ये कुठे बसतं ते विचारा आणि टॉर्च घेऊन आधी तिथे जा.