काजूच्या डोंगरावर नऊ महिने: ट्रॅप कॅमेऱ्याचा अनुभव

गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या केरीच्या वरच्या अंगाला आमचा काजूचा डोंगर आहे. खाली कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, वर काजू, आणि काजू संपले की म्हादई अभयारण्याचं रान सुरू. गेल्या दसऱ्याआधी शेजारच्या भावजींची गाभण गाय पाणंदीत मारलेली सापडली. कोणी म्हणालं वाघ, कोणी म्हणालं बिबटा. पणजीहून मुलाने साडेआठ हजारांचा ट्रॅप कॅमेरा मागवून दिला आणि म्हणाला, "आई, बघ तरी कोण येतं ते." नऊ महिने वापरला. आमच्यासारख्या बागायतदारांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

हा कॅमेरा उष्णता ओळखून चालतो. अंगाची ऊब आणि मागच्या जमिनीची ऊब यांत फरक पडला आणि ती ऊब हलली की फोटो निघतो. म्हणून थंडीत त्याने उत्तम काम केलं. एप्रिलमध्ये मात्र दुपारी कातळ तापला की समोरून गवा गेला तरी कळत नसे; पायांचे ठसे दिसत, फोटो नसे. उलट उन्हात हललेल्या पानांचे शेकडो फोटो. पहिल्या महिन्यात मी तो पूर्वेकडे तोंड करून छातीच्या उंचीवर बांधला होता, ती माझी चूक. उत्तरेकडे वळवून गुडघ्याच्या उंचीवर आणल्यावर निम्मा त्रास संपला.

सेल चांगले घाला. चार्ज होणारे सेल घातले तेव्हा रात्रीचा फ्लॅश मंद पडला आणि दहा पावलांपलीकडे नुसता काळोख. साधे अल्कलाइन आठ सेल आमच्याकडे सात आठवडे पुरले. मुंग्यांनी मागच्या कप्प्यात घर केलं होतं, ते दोनदा साफ केलं. जूनच्या पावसात काचेवर आतून वाफ धरली; ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या आत ठेवल्या तेव्हा थोडं निभावलं. जलरोधक म्हणून विकतात, पण सत्तरीचा पाऊस त्याला झेपत नाही.

आता खरं सांगायचं ते. आमच्या देवळाच्या मंडपात दर महिन्याला एकच वाद रंगतो: गोव्यात वाघ किती मावतील? २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीला वाघीण आणि तिची तीन पिल्लं विषाने मेली, तेव्हापासून हा वाद विझलाच नाही. ती बातमी आली तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. ज्याची गुरं गेली त्याचाही जीव जळतो, हे मला कळतं. तरी पिल्लांपर्यंत विष पोचावं हे सोसवत नाही. मग २०२३ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा म्हणून सांगितलं, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि मंडपात दोन तट पडले. एक म्हणतो, आपली अभयारण्यं बघा: म्हादई २०८ चौरस किलोमीटर, मोले २४०, नेत्रावळी २११, खोतीगाव ८५. एका वाघिणीला वीस पुरतात, मग तीस-पस्तीस वाघ सहज. दुसरा म्हणतो, एकही नको, आमची घरं हलवतील.

पहिल्याचा हिशेब कागदावर सुंदर दिसतो. पण वीस चौरस किलोमीटर तिथे पुरतात जिथे सांबर-चितळांचे कळप असतात. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरं लागतात, आणि रान ओस न पडता ती मिळायची तर मागे पाचशेच्या आसपास जनावरं उभी हवीत. धनगरवाड्यावरचे आजोबा एका ओळीत बोलले ते मला पटलं: "वाघ येतलो, पूण खातलो कितें?"

कॅमेऱ्याने मला त्याच प्रश्नाकडे नेलं. नऊ महिन्यांत जनावरांचे ६४३ फोटो निघाले. चारशेहून जास्त रानडुकरांचे, बोंडं पडायला लागल्यावर तर रोज रात्री. गव्यांचे ५८. भेकराचे २१. मेरूचे, म्हणजे सांबराचे, फक्त चार, तेही बहुधा एकाच मादीचे. आणि आमच्याच गावच्या मोकाट गुरांचे शंभराच्या वर. एका डोंगरावरून अख्ख्या रानाचं माप काढता येत नाही, मला ठाऊक आहे. पण रात्री आडवाटेला मेरू दिसत नसेल आणि गाय सहज सापडत असेल, तर वाघ काय धरेल? म्हणून मला वाटतं, आकड्यावर भांडण्याआधी सांबर वाढू द्यावं, फासे काढावेत, गुरं रात्री गोठ्यात घ्यावीत आणि गाय गेली तर पैसे त्याच आठवड्यात हातात पडावेत. दूध दुसऱ्या दिवशीच बंद होतं. घरं हलवायची भीतीही खोटी म्हणून झटकू नये. ग्रामसभेत बसून, हद्द नकाशावर दाखवून बोललं पाहिजे. आणि वाघ आपली सीमा बघून फिरत नाही. पलीकडे कर्नाटकात भीमगड अभयारण्य आणि काळी व्याघ्र प्रकल्प आहेत. आमचं रान तुटलं तर तिकडच्या वाघांची वाटही तुटते.

वाघ आला का? फेब्रुवारीत, पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी. फोटोत फक्त मागची मांडी आणि शेपूट. पट्टे स्पष्ट. मी तिथेच मातीत बसले आणि रडले. पण कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा दोष इथेच कळला: हालचाल जाणवल्यापासून फोटो निघेपर्यंत फार वेळ जातो, जनावर पुढे सरकून गेलेलं असतं. घेणाऱ्यांनी बाकी काही नाही तरी हा वेळ विचारून घ्यावा, अर्ध्या सेकंदाहून कमी हवा. शिवाय वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून एका बाजूच्या फोटोवरून मोजणी पुरी होत नाही; वाटेच्या दोन्हीकडे समोरासमोर कॅमेरे लावतात.

फोटो मी वनरक्षकांना दाखवला, बाकी कुठेही टाकला नाही. तुम्हालाही सापडला तर जागा सांगू नका. आणि कॅमेरा स्वतःच्या जमिनीतच लावा, अभयारण्यात परवानगीशिवाय नाही.

पाचपैकी तीन गुण देते. दुसरा, जरा महागातला, मुलाने कालच पाठवला. पाऊस ओसरला की पाणंदीच्या पलीकडच्या किंदळाच्या झाडाला बांधणार आहे, पहिल्याच्या बरोबर समोर. भावजींनी दोरखंड कापून ठेवलाय.